सी लझहर यांची सूट

ट्युनिशियातल्या झग्वानच्या वाङ्मय महाविद्यालयाचे डीन लझहर, सगळ्यांचे आदरानं 'सी लझहर', यांना खुर्ची सोडायची नव्हती. उगाच लपवाछपवी कशाला? त्यांना दालनातली सकाळची कडू कॉफी आवडायची, दारावरची पाटी आवडायची, आणि प्राध्यापकांशी भांडणं म्हणजे तर जीव की प्राण.

अडचण वयाची होती. डीनची निवडणूक लढवायची, तर तीन वर्षांची मुदत संपेपर्यंत माणूस पासष्टीच्या आत हवा. सी लझहर त्रेसष्टचे. मात्र महाविद्यालयाच्या परिषदेच्या मनात आलं तर सूट देता येत असे, आणि आज दुपारी तोच विषय होता.

"नाहीतर खुर्ची उचलूनच आणा घरी," त्यांची बायको वसीला पावाला हरिसाची तिखट चटणी फासताफासता म्हणाली. "शेतावर ऑलिव्हखाली टाकते. बसा आणि शेळ्यांची बैठक घ्या."

"शेळ्या निदान वेळेवर येतात," सी लझहर म्हणाले आणि पाव अर्धाच टाकून उठले.

पूर्वी राजधानीतून फोन यायचा आणि डीनचं नाव कळायचं, बस्स. क्रांतीनंतर आपला डीन आपण निवडायचा असं ठरलं, तेव्हा परिषदेचे नियम लिहायला तहानभूक विसरून बसलेले हेच सी लझहर. त्यात त्यांनी मोठ्या हौसेनं एक कलम घातलं होतं. डीनच्या स्वतःच्या फायद्याचा विषय निघाला, की डीननं खुर्ची सोडायची आणि सर्वांत वडील सभासदानं बैठक चालवायची. मतं समसमान पडली, तर निकालही त्यानंच द्यायचा. तेव्हा परिषदेत पांढऱ्या दाढ्यांना तोटा नव्हता. पुढं एकेक दाढी निवृत्त होत गेली, आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी विषय पुकारला गेला. सी लझहर रुबाबात उठले, "चालू द्या" म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. सिगारेट पेटते न पेटते तोच त्यांचे जिवलग, इतिहासाचे फौझी, दार उघडून बाहेर आले.

"आत चला, सी लझहर."

"एवढ्यात झालं?"

"सुरूच कुठं झालंय! सर्वांत वडील कोण ते शोधत होतो. तुम्हीच निघालात."

"म्हणजे डीन म्हणून बाहेर आणि म्हातारा म्हणून आत?"

"कलम तुमचं. माझ्यावर कशाला डोळे वटारता?"

सी लझहर पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले. सगळे तोंड दाबून हसत होते. हसली नाही ती एकटी नजला. ती एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी. यंदा डीनपदासाठी तिला उभं राहायचं होतं.

"तुमच्यासारखा डीन आम्हाला मिळायचा नाही," ती उठून म्हणाली. "पण मी सूट द्यायच्या विरुद्ध आहे. आज तुम्हाला दिली, तर उद्या कुणाला नाही म्हणायचं?"

"तोंडावर सांगतेस?"

"पाठीमागं सांगितलं असतं, तर जास्त ओरडला असतात."

हात वर झाले. फौझींनी मोजले, पुन्हा मोजले. दोन्हीकडे सारखेच! आता सगळे सी लझहर यांच्याकडे बघू लागले. एक हात वर केला की निवडणूक लढवायला मोकळे.

"मला राहायचंय," ते म्हणाले. "फार राहायचंय. पण राजधानीतून फोन करणारा निदान दुसऱ्याला तरी नेमायचा. मी स्वतःच स्वतःला सूट दिली, तर त्याच्याहून निलाजरा ठरेन."

आणि त्यांनी सूट द्यायच्या विरुद्ध हात वर केला.

नजलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "फेरमतदान घेऊ या," ती घाईघाईनं म्हणाली. "मी माझा हात बदलते."

"खबरदार!" सी लझहर यांनी टेबलावर थाप मारली. "निकाल लागलाय. बस खाली. हात बदलणारी डीन मला या महाविद्यालयात नकोय."

हशाचा स्फोट झाला. सी लझहरही हसले आणि हसताहसता त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, तो बराच वेळ काढला नाही.