वहिनीची शेपटी

वंदनावहिनी गेल्याचा दादाचा फोन आला, तेव्हा मी शाळेत वर्ग घेत होते. महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, किती साधी होती... साधी कसली! माझी वहिनी पक्की हट्टी होती आणि तिच्या हट्टाचा मला भारी अभिमान आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वहिनी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. नागपूरजवळच्या चुनखडीत सापडलेल्या डायनासोरच्या मणक्यांवर तिचा प्रबंध होता. त्या मणक्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती तिनं नागपुरात नंदनवन वस्तीतल्या घरी बैठकीत रांगेनं मांडल्या होत्या. पाहुण्यांना भिंतीला चिकटून बसावं लागे. प्रत्येक मणक्याला एकीकडे गोळा, दुसरीकडे वाटी. एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत. गोळा पुढे धरला तर ती मांसाहारी प्राण्याची मान, मागे धरला तर पाला खाणाऱ्या अजस्र जनावराची शेपटी. वहिनी म्हणायची, शेपटी. बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं, मान; निष्कर्ष बदला, नाहीतर प्रबंध परत. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली.

दादा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून दमून यायचा. तो वैतागून म्हणाला, "मांस खाणारा राहो का पाला खाणारा, मेला तो कवाचाच. लिहून टाक न मान. काहून जीव जाळून राहिली वं?"

"मेला म्हणून त्याले कोणत्याबी गटात टाकायचं का?" वहिनी म्हणाली, आणि एक अक्षर बदललं नाही; तोंडी परीक्षेत सिद्ध करून दाखवते, एवढंच कळवलं.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसले होते. टेबलावर खरे मणके होते. परीक्षक मानेबद्दल बोलत राहिले... वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग दोन मणके जोडून उताणे केले आणि त्यांच्या खालच्या खाचांत एक दुबेळक्यासारखं, दोन फाटे फुटलेलं हाड ठेवलं. बरगडीचा तुकडा म्हणून ते आजवर बाजूला पडलं होतं. ते नेमकं बसलं. असं हाड फक्त शेपटीखाली असतं. परीक्षकांनी ते स्वतः काढून पुन्हा बसवून पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, शेपटीच." मी तिथंच टाळ्या वाजवल्या. कुणी वळून पाहिलं असेल तर पाहू दे.

गेल्या आठवड्यात बैठक धुवायला मणके उचलावे लागले. परत मांडताना दादानं एक ठेवला. गोळ्याला गोळा लागून तो डुगडुगला. मी काही बोलायच्या आत त्यानंच तो फिरवून नीट बसवला.

"शेपटी आहे वं," तो मला म्हणाला, "गोळा मागंच पाहिजे."