शेजारणीला दिलेली मशेरी
शेजारीण जिन्यावर बसून ओकत होती, हातपाय गार पडले होते, आणि चूक माझी होती. कॅलिफोर्नियात पुदिन्याच्या वासाच्या सिगरेटी दुकानात मिळेनाशा झाल्या, तेव्हा ती चिडली होती. "आम्हा काळ्यांच्या आवडीचीच बरी बंद केली. गोऱ्यांची चालूच," म्हणाली. मला दया आली. गावाहून आणलेली चिमूटभर मशेरी मी तिला हिरड्यांना लावायला दिली, पण थुंकायचं असतं हे सांगितलंच नाही. तिने सगळी गिळली. माझ्या सुनेने ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवरून शेजारीण मला म्हणाली, "बाई, सरकारने सिगरेट बंद केली, तू मलाच बंद करायला निघालीस." मी तिचा हात सोडला नाही. ती वाचली. पुढे तिने सिगरेट सोडली. माझी मशेरी अजून सुटलेली नाही. ती वाचली. आज ब्याऐंशीची आहे.