एका नावावर दोन अंगठे

लातूरच्या आमच्या डाळ मिलमध्ये निवडणीच्या सरकत्या पट्ट्यावरची जागा बाईची नसे, घराची असे. घरातली एक जण नाव लावून घ्यायची. तिला लग्नाला जायचं असलं, रानात काढणी लागली, अंगात ताप असला, की तिच्या जागी जाऊ यायची, सासू यायची, एखादी नणंद यायची. हजेरीपटावर नाव तेच राही. खाडा पडत नसे, पगार घरात जाई, आणि यात काही चुकतंय असं कोणालाच वाटत नसे. मुकादमालाही नाही. त्याला पट्ट्याशी माणूस बसलेलं दिसलं की पुरे होतं.

मी मिलमध्ये आलो तो नांदेडच्या एका दैनिकाच्या डेस्कवरची नोकरी सोडून. हजेरी आणि पगारपत्रक ही इथली माझी कामं. बातम्यांचा इथं काय उपयोग, असं शेठनी पहिल्या भेटीत विचारलं होतं. नावं आणि वेळा बरोबर लिहायची सवय आहे, असं मी सांगितलं.

"तेवढंच पाहिजे," ते म्हणाले. "डाळीचं आम्ही बघतो."

पुढे पगाराच्या सल्लागारानं हजेरीपट चाळला. सगळ्या बायका रोज हजर, कोणी कधी आजारी नाही. असा कागद तपासणीत टिकणार नाही, असं तो म्हणाला, आणि थंबचं मशीन आलं. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला एक अडचण सांगितली होती. डाळ निवडून निवडून बायकांच्या बोटांची टोकं गुळगुळीत होतात, ठसा उमटत नाही. त्यानं तोडगा काढला: प्रत्येकीची दोन बोटं नोंदवायची. एक लागलं नाही तर दुसरं.

पट्ट्यावर एका घरच्या दोन जावांची मिळून एक जागा होती. थोरलीचं नाव पटावर जुनं. धाकटी देवणीकडची, लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली. शेत मुरुडच्या बाजूला, त्याची देखरेख थोरलीकडे. त्यामुळे हंगामात धाकटीच जास्त यायची. नोंदणीच्या दिवशी रांगेत थोरलीनं अंगठा लावला. तंत्रज्ञ पडद्याकडे बघत "दुसरं" म्हणाला. थोरलीनं मागं वळून धाकटीला पुढं घेतलं आणि तिचा अंगठा लावला. त्यांच्या समजुतीनं मशीननं घराची दोन माणसं मागितली होती. हे मी पाहिलेलं नाही. दोघींनी नंतर सांगितलं, आणि तंत्रज्ञानं फोनवर ते नाकारलं नाही.

बरेच महिने काही बिघडलं नाही. दोघींपैकी जी येई तिचा अंगठा लागे आणि थोरलीची हजेरी पडे. मग तुरीची आवक वाढली आणि शेठनी निरोप दिला, की ज्यांना जमेल त्यांनी घरचं आणखी एक माणूस आणावं. त्या दिवशी दोघी आल्या. दोघींनी एकापाठोपाठ अंगठे लावले. महिनाअखेर मी नोंदी तपासत होतो. थोरली सकाळी आली आणि लगेच गेली, संध्याकाळी आली आणि लगेच गेली, असं मशीन सांगत होतं.

दैनिकाच्या डेस्कवर एक नियम होता. विचित्र मजकूर आला की आधी ज्याच्याबद्दल तो आहे त्याला विचारायचं. मी थोरलीला बोलावलं. तिच्यामागून धाकटीही आली आणि दारात उभी राहिली.

"ताई, त्या दिवशी तुम्ही आल्या आल्या घरी गेलात का?"

"कोण म्हणतंय? दिवसभर बसून कंबर मोडली माझी."

"मशीन म्हणतंय."

"त्याला काय कळतंय. रोज दोनदा थँक यू म्हणतंय, पाणी तर कधी इचारत न्हाई."

धाकटी दारातून म्हणाली, "आक्का, माझ्या अंगठ्यानं झालं असंल ते."

मग सगळं उलगडलं: एका नावाचा पहिला अंगठा मशीन येण्याचा धरी, लगेचचा दुसरा जाण्याचा. थोरलीला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिचा प्रश्न वेगळाच होता आणि तो विचारायला ती आधीच येणार होती. "हिला पाचवा महिना लागलाय, साहेब. बाळंतपणाची पगारी रजा मिळती म्हणत्यात. हिला मिळंल ना?"

रजा मिळते. पण त्यासाठी त्याआधीच्या वर्षात ठरावीक दिवस काम केल्याची स्वतःच्या नावावर नोंद लागते. कागदोपत्री धाकटीनं मिलमध्ये पाऊलही ठेवलेलं नव्हतं. हे मी दोघींना सांगितलं. धाकटीनं पदर बोटाला गुंडाळला आणि सोडला.

मी शेठकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थोरलीच्या नावावर टाका की रजा."

"थोरलीचा मुलगा बारावीला आहे, शेठ."

ते हसले. "दोघींची एक झाली तेव्हा फुकट झाली. आता एकीच्या दोन करायला खर्च मला." कॅल्क्युलेटर पुढं ओढून त्यांनी तसाच बाजूला ठेवला. "खरं निघेल तेवढं लिहा. वर नको, खाली नको."

खरं काढण्याची मला एकच रीत माहीत होती. दोघींना वेगवेगळं विचारायचं, एकीचं दुसरीला सांगायचं नाही, आणि किती दिवस लागतात ते दोघींनाही सांगायचं नाही. थोरलीनं शेतावरून सांगितलं. पेरणीला मी रानात, ही इथं. सोयाबीन काढणीला मी रानात, ही इथं. हरभरा झाला आणि मग मी आले. धाकटीनं सणांवरून आणि दवाखान्यावरून सांगितलं. गौरीला ती माहेरी होती, तेवढे दिवस आक्काचे. उलट्या लागल्या तो आठवडाही आक्काचा. दोन्ही हिशेब मी शेजारी ठेवले. ते जुळत गेले. फक्त दिवाळीनंतरचा आठवडा जुळेना. थोरली म्हणत होती, तो धाकटीचा. धाकटी म्हणत होती, तो आक्काचा.

तिसरा साक्षीदार मुकादम. त्याला आठवायला वेळ लागला नाही.

"थोरली होती. डबाभर चिवडा आणला होता सगळ्या पट्ट्याला. मला मूठभरच दिला. वर म्हणाली, तुमी आमाला सुटीबी मूठभरच देता."

थोरलीला पुन्हा बोलावलं आणि मुकादमाचं म्हणणं सांगितलं. तिनं नाकारलं नाही.

"त्याला चिवडा दिला तितंच चुकलं," ती म्हणाली. मग खुर्चीवर जरा पुढं सरकली. "घरचेच दिवस हायत, साहेब. तिच्या नावावर टाकले तर कुणाचं काय जातंय? माझे लई हायत."

"तपासणीला येणारा माणूस मुकादमाला विचारू शकतो. एक दिवस खोटा निघाला तर तिचे खरे दिवसही तो धरणार नाही."

तिनं विचार केला. "मंग माझे मलाच ठिवा. पण तिचा एक बी कमी करू नका."

कमी करायची गरज नव्हती. जो आठवडा स्वतःच्या नावावर घेता आला असता तो धाकटीनं आपण होऊन जावेला दिला होता, त्यामुळे तिच्या बाकीच्या सांगण्यावर मुकादमानं आणि शेठनीही शंका घेतली नाही. तो आठवडा थोरलीकडे ठेवून बेरीज केली. धाकटीचे दिवस पुरले, आणि पुरून उरले. दुरुस्ती करताना जुनी नोंद खोडली नाही. खाली नवी लिहिली, कारण लिहिलं, दोघींच्या, मुकादमाच्या आणि शेठच्या सह्या घेतल्या. पीएफच्या रकमेची दोघींत फोड सल्लागारानं करून दिली. मशीनमधून थोरलीच्या नावावरचं दुसरं बोट काढलं आणि धाकटीला तिचा क्रमांक दिला. मग पट्ट्यावरच्या बाकीच्या बायकांनाही एकेक करून विचारलं. आणखी तीन घरं तशीच निघाली. एका घरात सासूच्या नावावर सुनेचं बोट होतं. "सून ऐकत न्हाई, बोट तरी ऐकू दे," असं त्या सासूनं कारण सांगितलं. तेही मी लिहून घेतलं, पण दुरुस्तीच्या कागदात घातलं नाही.

धाकटीची रजा मंजूर झाली. रजेच्या पहिल्या सकाळी मी फाटकातून आत आलो तेव्हा ती मशीनपुढे उभी होती, शेजारी थोरली. थोरलीनं आपला अंगठा लावला. मशीननं आभार मानले.

"आता हिचा," थोरली म्हणाली. "रजेचं बोट कंचं लावायचं?"

रजेला बोट लागत नाही, घरी बसायचं, नोंद कार्यालयात होते, असं मी सांगितलं. थोरलीला ते पटलं नाही.

"कामाला बोट लागतंय आन् रजेला न्हाई? मंग तिनं रजा घेतली हे त्याला कळायचं कसं?"

मी दोघींना आत नेलं आणि पडदा दाखवला. धाकटीच्या नावापुढे त्या दिवसाच्या रकान्यात 'पगारी रजा' असं उमटलेलं होतं. धाकटी शाळा शिकलेली होती. तिनं आधी आपलं नाव वाचलं, मग पुढचे शब्द. थोरलीनं विचारलं, "हाय का बराबर?"

"हाव, आक्का."

"मंग जा घरी. आन् जाता जाता मेथीची भाजी घे, संध्याकाळी मी येती." ती पट्ट्याकडे गेली. धाकटी फाटकातून बाहेर पडली आणि रिक्षाची वाट बघत सावलीत उभी राहिली.