हिरव्याचं वावडं

माझी विहीण आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातली. आख्खा संसार कॉव्हेंट्रीत केला, पण खेडं काही डोक्यातून गेलं नाही. शनिवारी लग्न नको, म्हणे, शनिवारचं लाभत नाही. मे महिन्यात नको, पस्तावाल. आदल्या दिवशी तर बाईंनी बाळ येशूची मूर्ती बागेत झुडपाखाली नेऊन ठेवली, का तर लग्नाला ऊन पडावं म्हणून! सकाळी धो धो पाऊस. मी मनात म्हटलं, घ्या.

हे सगळं मी ऐकून घेतलं. माझं मागणं एकच होतं, लेकीने पांढऱ्या गाऊनवर हिरवा चुडा घालायचा. तिचे बाबा गेल्यावर एकटीने वाढवलं तिला. देवधर्म, उपासतापास कधी केले नाहीत, पण नवरीचे हात हिरवे हवेत म्हणजे हवेत. पुण्याहून काचेच्या बांगड्या मागवल्या आणि सकाळी माझ्या हाताने तिला भरल्या.

चर्चच्या दारात विहीणबाईंची नजर बांगड्यांवर पडली, आणि बाई पांढऱ्याफटक. हिरवा रंग पऱ्यांचा, म्हणाल्या. हिरवं ल्यालेल्या नवरीला त्या उचलून नेतात. आमची एक आत्या अशीच वर्षाच्या आत गेली. आत जायच्या आधी बांगड्या काढायला सांगा.

काढायला? अहो, आमच्यात नवरा गेला की उतरवतात बांगड्या! हे इंग्रजीत सांगायला गेले, तर संतापाने सगळं मराठीतच बाहेर पडलं. यांच्या आख्ख्या देशाने हिरवा मिरवायचा आणि माझ्या लेकीच्या चुड्याने यांचं घर बुडणार. डोंबल!

लेक तिच्या मोडक्या मराठीत मध्ये पडली. "आई, प्लीज, लेट इट गो. त्यांना बरा वाटेल. तूच म्हणतेस ना, हा सगळा सुपरस्टिशन आहे?"

मीच शिकवलेलं ते. चर्चच्या टॉयलेटमध्ये साबण लावून तिने एकेक बांगडी काढली. मी हात लावला नाही. ती बाहेर गेल्यावर मात्र सिंकवरच्या सगळ्याच्या सगळ्या मी माझ्या हातात चढवल्या. विधवेने हिरवा चुडा! माझ्या सासूबाई असत्या तर तिथेच आडव्या झाल्या असत्या. पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि मुद्दाम हात हलवत राहिले. फादर प्रार्थना म्हणताहेत, माझ्या बांगड्या वाजताहेत, विहीणबाई डोळे वटारताहेत. वटारा, म्हटलं, हवे तेवढे वटारा.

मग जावयाने अंगठी घालायला तिचा हात हातात घेतला आणि गाऊनची बाही मागे सरकली. साबणाने चोळून लाल झालेलं, रिकामं मनगट. हात हलवायचं विसरलेच मी. तिच्या बाबांना नेलं त्या दिवशी माझं मनगट असंच दिसत होतं.