लोकलचे डबे कापणारा नूर महंमद

नूर महंमदला माफ करणं जमत नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही नव्हती. नरडाण्याच्या भंगार यार्डात तो गॅस कटर चालवायचा, मी वजनकाट्यावर होतो. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात; पण हितेंद्र साहेबाचं नाव निघालं की त्याचा जबडा आवळायचा. मला तो तसाच आवडायचा. विसरून जा म्हणणाऱ्यांचं काय जातं?

तरुणपणी तो मुंबईकडच्या एका कारशेडात फिटर होता. दीड हजार व्होल्टवर धावणाऱ्या जुन्या लोकलचे डबे त्याच्या हाताखालून जायचे. तिथल्या फिटरांची एक रीत होती. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावर पंचने आपली खूण ठोकायची. नूरभाईची खूण तीन ठिपके. दोन हजार तीन साली त्याने एका डब्याच्या पोटाखालची जड लोखंडी पेटी आठ नव्या बोल्टांनी बसवली. दुसऱ्याच दिवशी सेक्शन इंजिनिअर हितेंद्र साहेबाने ते बोल्ट काढून दुसऱ्या डब्याला द्यायला लावले आणि इथे झिजलेले बसवले. आठवड्याभरात पेटी रुळावर कोसळली, एका गँगमनचा पाय गेला. चौकशीत साहेबाने सांगितलं, फिटरने हयगय केली. दुसरा डबा तपासा, असं नूरभाई घसा कोरडा होईस्तोवर सांगत राहिला. कुणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. नोकरी गेली. गावी परतल्यावर त्याच्या बायकोला, जैनबला, नळावर ऐकावं लागायचं की हिच्या नवऱ्याने माणूस लंगडा केला.

पुढे मुंबईची वीज पंचवीस हजार व्होल्टवर गेली आणि त्या जातीच्या गाड्या निकामी ठरल्या. लिलावात गेलेले काही डबे ट्रेलरवर लादून आमच्याकडे आले. नूरभाई कापण्याआधी प्रत्येक डब्याखाली शिरायचा आणि वहीत लिहायचा: कोणत्या साली बांधला, किती वेळा दुरुस्त झाला, काय बदललं. अशा एकोणीस वह्या झाल्या. त्या गाड्यांचा एवढा इतिहास कुणा साहेबाकडे नसेल. पण तो इतिहासासाठी लिहीत नव्हता, तो एक डबा शोधत होता.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात तो सापडला. नूरभाईने मला हाक मारून खाली बोलावलं. गंज खरवडलेल्या आठही बोल्टांवर तीन-तीन ठिपके होते.

"या डबाले मी कधीच हात लायेल नही," तो म्हणाला, आणि रागाने रडला.

मी म्हटलं, पेपरवाल्यांना सांगू. त्याने मान हलवली. भंगारवाल्याचं कोण खरं मानणार? हे साहेबाच्याच तोंडून निघालं पाहिजे, म्हणाला. अकराव्या वहीत त्याने सगळं तारखेनिशी लिहून ठेवलं, आणि पुढच्या डब्यांच्या नोंदीही तशाच चालू ठेवल्या.

वर्षं गेली. साहेब निवृत्त होऊन जळगावला स्थायिक झाला. धुळे-चाळीसगाव मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, सत्कार-भाषणं झाली, तसं त्यालाही जुन्या लोकलवर पुस्तक काढायचं सुचलं. वह्यांची कीर्ती ऐकून तो गाडी घेऊन यार्डात आला. नूरभाईला त्याने ओळखलं नाही. ओळखणार कसा, फिटरच्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलं होतं? "चाचा" म्हणाला, नावसुद्धा विचारलं नाही. माझ्या हाताला पहार लागती तर काय झालं असतं देव जाणे. नूरभाईने मात्र त्याला चहा पाजला आणि एकोणीसच्या एकोणीस वह्या बांधून दिल्या.

साहेबाने त्या तशाच टायपिंगला टाकल्या. पुढे आलेला कागद वाचायचा नाही, खाली सही तेवढी ठोकायची, ही त्याची नोकरीतली सवय. पुस्तक निघालं. प्रस्तावनेत दोन हजार ते दोन हजार पाच आपण तिथे सेक्शन इंजिनिअर असल्याचा तोरा होता. वह्यांचा उल्लेख एका ओळीतही नव्हता. नूरभाईने पान एकशे त्रेचाळीस उघडलं आणि कितीतरी वर्षांनी मी त्याला हसताना पाहिलं.

जळगावच्या सभागृहात प्रकाशन झालं. आम्ही तिघं, जैनबभाभीसकट, मागच्या रांगेत बसलो. भाषणं आटोपल्यावर नूरभाई उठला आणि साहेबांनी एकशे त्रेचाळिसावं पान आपल्या आवाजात वाचावं, अशी अदबीने विनंती केली. साहेब खुलला. चष्मा लावून वाचू लागला.

"या आठ बोल्टांवर फिटर नूर महंमदची खूण आहे. दोन हजार तीन सालच्या सेक्शन इंजिनिअरने ते पहिल्या डब्यातून काढायला लावले, म्हणून पेटी पडली. आणि दोष नूर महंमदच्या..."

तिथे तो अडकला. पुढच्या रांगेत त्याचे जुने अधिकारी होते, जावई होता. कुणीतरी प्रस्तावनेचं पान उलटत होतं. जैनबभाभीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ताठ बसली.

"हे कोणी लिहिलं?" साहेबाने विचारलं. माइक चालूच होता.

नूरभाई अजून उभाच होता. "पुस्तकवर नाव तं तुम्हनं शे, साहेब."