अजून वीस दिवस

माझ्या सासूबाईंना अख्खी आळी 'तारीखआत्या' म्हणायची. गाभण गाईच्या शेपटीजवळ हात फिरवायच्या, कास बघायच्या आणि सांगायच्या, "परवा, दुपारनंतर." आणि परवा दुपारनंतरच गाय व्यायची! मला मेलीला त्याचाच राग यायचा. शिकलेली मी, आणि विचारायचे सगळे त्यांना.

गाभण राहावी म्हणून गुरांच्या डॉक्टरांकडून आमची गाय भरवली, पण तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आल्यासारखी हंबरायला लागली. डॉक्टरांनी परत भरवली आणि कार्डावर ती दुसरी तारीख लिहिली. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या, "पहिल्यालाच राहिलीय ही. गाभण गायसुद्धा एखाद्या वेळी माज दाखवते." मी कसली ऐकतेय! दुसऱ्या तारखेपासून नऊ महिने नऊ दिवस मोजले आणि त्याआधी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवून टाकलं. शहरात जायचं, दोन दिवसांत परत.

निघायच्या सकाळी त्या गोठ्यातून हलेनात.

"अगं, पुठ्ठे मोडलेत हिचे. कास तटतटलीय. आज-उद्या विणार बघ."

"आई, अजून वीस दिवस आहेत. कार्डावर लिहिलंय."

"निदान पेंढा पसरते, दावं सैल करते. वासराच्या नाकावरचा पडदा काढायला कुणीतरी हवं गं, नाहीतर गुदमरतं ते..."

"रिक्षा उभी आहे दारात!" मी ओरडलेच. "उगाच शंका काढत बसता."

त्यांनी हात धुतले आणि त्या रिक्षात बसल्या. शेजारणीला मी फक्त सकाळी वैरण टाकायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. शेजारीण सकाळी वैरण टाकून गेल्यावर गाय व्याली होती. कालवड होती. पूर्ण वाढलेली, देखणी. पडदा नाकाला चिकटून वाळलेला. गाय चाटायला मान ताणत होती, पण दावं आखूड पडत होतं. ते मीच बांधलं होतं. एका डोळ्याला पट्टी असलेल्या सासूबाई खाली बसल्या आणि बोटाने तो पडदा सोलून काढला. काय उपयोग? मग दावं सोडलं. गाय किती तरी वेळ चाटत राहिली.

माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "आत्या, तुम्हालाही कळलं नाही?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"नाही बाई कळलं," सासूबाई म्हणाल्या. "सून विचारत होती, मीच म्हटलं वेळ आहे. हातात आता काही राहिलं नाही माझ्या."

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. भ्याले.

गेल्या महिन्यात समोरच्यांची गाय विणीला आली. सासूबाई उंबऱ्यात बसून तिच्याकडेच बघत होत्या. ऑपरेशन केलेल्या डोळ्याने आता लख्ख दिसतं. समोरची सून रस्ता ओलांडून आली, त्यांच्या बाजूने आत शिरली आणि मला म्हणाली, "वहिनी, गाईच्या डॉक्टरांचा नंबर आहे का हो?"

मी नंबर दिला.