सत्कृत्यावर पालकांची सही

आमच्या दौंडच्या कॉन्व्हेंटात खो-खो खेळायला नुसते पाय असून भागत नसे, ग्रेड लागे. दर सोमवारी प्रार्थना झाली की मोठ्या सिस्टर माइकवरून नियम वाचायच्या. एका जरी विषयात नापास झालात, तर संघात नाही. मॉरल सायन्सला सी मिळाला, तर संघात नाही. ‘होमवर्क इनकम्प्लीट’चे तीन लाल शेरे पडले, तर संघात नाही, गॅदरिंगमध्ये नाही, सहलीला नाही. वर्गात बसून श्वास घ्यायला तेवढी परवानगी होती, एवढे उपकारच म्हणायचे.

ख्रिस्ती मुलींना त्यांच्या धर्माचा तास असे, आम्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स. नववीत त्याचा होमवर्क असा होता: आठवडाभरात एक सत्कृत्य करायचं, ते इंग्रजीत लिहायचं आणि खाली पालकांची सही आणायची. सही नसेल तर सत्कृत्य झालंच नाही. देवाला दिसलं असेल तर असो बापडं, सिस्टरना दिसायला सही हवी.

बाकीच्या पोरी हुशार. स्टेशनाबाहेर एक आंधळे बाबा बसायचे, त्यांना प्रत्येकीनं रस्ता ओलांडून दिलेला. त्या हिशेबानं तो बिचारा दिवसभर या फुटपाथवरून त्या फुटपाथवर हिंडत असणार, बसायला फुरसतच नसणार! मी मात्र गाढव. मी खरं लिहिलं. आमच्या शेजारची म्हातारी पडून कंबर धरून बसली होती, तिचं पाणी मी रोज शाळेआधी भरत होते. तेच लिहिलं आणि आप्पांपुढं वही धरली.

आप्पा म्हणजे माझे वडील. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आप्पांच्या वाट्याला दोन एकर आणि कुरकुंभच्या केमिकल कंपनीतली शिफ्ट आली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून म्हणाले, “काय लिवलंय ते सांग.” मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला.

“ती म्हातारी काय तुझ्या मार्कांसाठी पडली व्हय गं?”

“आप्पा, होमवर्क हाय ओ.”

“आसंल. केल्यालं असं गावभर सांगत न्हाईत. लाज वाटती मला. सही न्हाई करणार.”

आई म्हणाली, “त्येंनी न्हाई म्हणल्यावर मी कशी करू?” झालं! पहिला लाल शेरा. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा खरंच लिहिलं, कारण डोकं गहाण टाकलेलं. दुसरा शेरा. आणि पुढच्या शनिवारी शिरूरला सामने. मी संघाची मुख्य धावणारी. खांबावरून सूर मारून गडी बाद करणारी आख्ख्या शाळेत मी एकटी. गणितात काठावर, इंग्रजीत काठावर, वर्गात बाई माझं नाव घ्यायच्या ते फक्त ओरडायला. मैदानावर मात्र दहावीच्या पोरीसुद्धा माझ्याकडं बघून उभ्या राहायच्या. तेवढीच एक जागा होती जिथं मी कुणीतरी होते, आणि ती एका सहीसाठी जायला निघाली होती.

पीटीच्या सरांनी निरोप धाडला, तसे आप्पा शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच शाळेत आले. सिस्टर केरळच्या, हिंदीत मराठी मिसळून गोड बोलायच्या. म्हणाल्या, “पप्पा, सिर्फ साइन करायची आहे.”

आप्पा हात जोडून म्हणाले, “सिस्टर, तुमी तुमच्या मिशनच्या दवाखान्यात कुणाकुणाचं हगणंमुतणं काढता, आमी बगितलंय. तुमी ते कुठं लिवता? सही कुणाची घेता?”

सिस्टरनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता सुटले. मग त्या हळूच म्हणाल्या, “मेरे लिए नहीं पप्पा, रूल सबके लिए है.” रूलपुढं येशूचंही चाललं नसतं, तिथं आप्पा कोण?

शुक्रवारी सकाळी वही द्यायची होती. आदल्या रात्री मी चुलीपाशी बसून भोकाड पसरलं. तोंडाला येईल ते बोलले. “तुमच्या मोठेपणापायी माझं वाटुळं झालं. बाकीच्यांचे बाप बगा, न वाचता सह्या करत्यात! तुम्हीच तेवढे साधू!” आईनं पाठीत धपाटा घातला. आप्पा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले. मग म्हणाले, “बाकीच्या पोरी काय लिवत्यात?”

“काय बी. खोटंच लिवत्यात सगळ्या.”

“आन् त्ये चालतं?”

“त्यालाच ए मिळतो.”

आप्पांनी तुकडा ताटात ठेवला, हात धुतला. “मग खोटंच लिव. पाटसच्या स्टँडावर कुणाचं तरी पाकीट सापडलं, परत दिलं, आसं लिव. त्यात कुणाची लाज जात न्हाई.” मी घाईघाईनं लिहिलं. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर दाबून, पगाराच्या कागदावर करत तशी.

सिस्टरनी ‘व्हेरी गुड’ लिहिलं. मी शिरूरला गेले, मनसोक्त पळाले, ढोपरं फोडून घेतली, आम्ही जिंकलो. त्या दिवसाइतका आनंद मला पुढं क्वचितच झाला, उगाच कशाला नाही म्हणू?

वर्षाअखेरी निकाल लागला. मॉरल सायन्सला ए, आयुष्यातला माझा पहिलाच. मी नाचत घरी आले आणि कार्ड आप्पांच्या हातात दिलं. कुठल्या ओळीत काय आहे, ते मी बोट ठेवून सांगत गेले. गणितातल्या छत्तीस मार्कांना ते म्हणाले, “बरं झालं, सुटलीस.” खेळाच्या शेऱ्याला हसले. शेवटी मी सगळ्यात मोठ्यांदा मॉरल सायन्सचा ए सांगितला. आप्पांनी त्या ओळीवर अंगठा ठेवून ती झाकली, आणि कार्ड माझ्या हातात परत देईपर्यंत काढला नाही.